चातुर्मास शेतातही असतो



गुढीपाडव्याला आमच्या घरात दोन वह्या नव्या होतात. एक यांची. तिच्यात सालगड्याचं साल केवढ्यात ठरलं, उचल किती दिली, कोणत्या वावरात काय घ्यायचं हे असतं. दुसरी माझी. तिच्यात अष्टमी-चतुर्दशी, तिन्ही अष्टान्हिका, घरात कोणाचं एकासन कधी, कोणत्या महिन्यात कोणता नियम. सासूबाईंच्या काळापासून बायकांची वही स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात आणि पुरुषांची बैठकीतल्या कपाटात. वीसेक वर्षं या दोन वह्यांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. त्या एकत्र ठेवायला हव्या होत्या, आणि ते काम आपण बायकांनीच करायचं आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आमची शेती परतूर तालुक्यात. काळी जमीन, एक विहीर. पावसाळ्यात कपाशी, सोयाबीन, तूर. रब्बीला ज्वारी आणि हरभरा. थोडी मोसंबीची झाडं. सैतवाळांत याचं कोणाला नवल वाटायला नको, मराठवाड्यात आपली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर आहेत. पण हल्ली लग्नात, विधानात चार बायका भेटल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आम्ही बाई शेत ठोक्यानं देऊन टाकलं. शेतीचं पाप नको." आणि मग सगळ्या माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतात.

मला हे वाक्य पटत नाही. ज्या आदिनाथांपासून आपली पूजा सुरू होते त्यांनीच असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं माणसांना शिकवली. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मारायच्याच हेतूनं केलेली ती संकल्पी, आणि ती श्रावकानं सोडायचीच. शेतीतली हिंसा उद्योगीत धरली आहे. पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात नांगर धरणारा शेतकरी आणि जाळं टाकणारा मासेमार यांची तुलना केली आहे. शेतकऱ्याच्या हातून जीव मरूनही त्याचा दोष कमी, आणि दिवसभर एकही मासा न मिळून मासेमाराचा जास्त, कारण हेतू वेगळा. शेती, नोकरी, व्यापार सोडायचा तो आठव्या प्रतिमेत, आरंभत्यागात. आणि अनुमती देणंसुद्धा सोडायचं ते त्याहून पुढे, दहाव्या प्रतिमेत. म्हणजे तोवर आपली अनुमती चालूच असते. ज्या घरात पाण्याचं गाळणं दोन दोन दिवस धुतलं जात नाही, त्या घरानं शेत ठोक्यानं दिलं आणि एका उडीत आठवी पायरी चढलं, असं कसं समजायचं?

ठोकेवाल्याच्या बाजूनंही बघा. त्याच्या हातात जमीन एका सालापुरती. ठोक्याची रक्कम त्याला त्याच वर्षात काढायची असते. तो शेणखत कशाला टाकील? तो दोनाऐवजी चार फवारे मारील, कारण एक पीक गेलं तर तो उठणार नाही. हिंसा कमी झालीच नाही, वाढली, फक्त आपल्या डोळ्यांआड गेली. कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन शब्द आपण रोज म्हणतो, त्यातला पहिला तेवढा सुटला.

आदिनाथांना दीर्घकाळ आहार मिळाला नाही, त्यामागची एक गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. खळ्यावर बैल धान्य खातात, तेव्हा त्यांना मुसकं बांधा, असा सल्ला त्यांनी दिला. काम झाल्यावर मुसकं सोडा, हे सांगायचं राहिलं. बैल उपाशी राहिले. मुसकं काही त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं नव्हतं, सल्ला दिला होता. ते कर्मसुद्धा फळाला आलं, आणि अक्षय्य तृतीयेला श्रेयांस राजानं उसाचा रस दिला तेव्हा कुठे पारणं झालं. आम्ही दरवर्षी अक्षय्य तृतीयेला उसाचा रस करतो. त्याच आठवड्यात बाहेर वावरात नांगरणी चाललेली असते.

इथपर्यंत मी शेतीची वकिली केली. आता जे मला खरं बोचतं ते लिहिते.

नांगराखाली जीव जातो तो आपल्याला दिसत नाही, आपण त्याला मारायला नांगर धरत नाही. पण फवारा? फवारा अळी मारण्यासाठीच असतो. बाटलीवर तेच लिहिलेलं असतं. त्याला उद्योगी हिंसा म्हणून मोकळं व्हायला माझं मन पूर्ण तयार होत नाही. आणि ही फवारणी नेमकी कधी येते? आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसतो. आपण पालेभाजी सोडतो, कारण पावसाळ्यात पानोपानी जीव. पिठाची मर्यादा तीन दिवसांवर आणतो; हिवाळ्यात तेच पीठ सात दिवस चालतं, उन्हाळ्यात पाच. मेथीची एक जुडी घरात येऊ नये म्हणून आपण इतक्या जागरूक. आणि त्याच श्रावण-भादव्यात कपाशीवर मावा, तुडतुडे, फुलकिडे येतात, मागून गुलाबी बोंडअळी येते आणि पंधरा पंधरा दिवसांनी पंप पाठीवर चढतो. जुडीतले जीव आपण मोजले, एकरातले नाही.

काही वर्षांपूर्वीची सुगंध दशमी. दशलक्षणातला सहावा दिवस, उत्तम संयम. मंदिरात प्राणीसंयम आणि इंद्रियसंयम यावर प्रवचन झालं, धूप झाला. मी घरी आले तेव्हा ओट्यावर आमचा सालगडी बसला होता. अंगाला घाम, डोळे लाल, तोंडाला फेस. सकाळपासून फवारत होता. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, वारा पडलेला, भादव्याचं ऊन. औषध वरून त्याच्याच अंगावर पडत होतं. माझ्या पदराला धुपाचा वास आणि त्याच्या सदऱ्याला तो दुसरा वास. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी घरी आला, वाचला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, ते आम्ही सगळ्यांनी पेपरात वाचलं होतं. वाचलं आणि 'अरेरे' म्हणून पान उलटलं होतं.

क्षमावाणीला मी फोनवरून शंभरेक जणींना उत्तम क्षमा पाठवली. मग त्याच्या बायकोकडे गेले आणि तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "असं काय म्हणता वैनी. पुढची फवारणी कोण करील तेवढं सांगा. ह्यांचा रोज कापू नका."

त्या दिवशी मी पहिल्यांदा यांची वही मागितली. त्यात फवारणीचा खर्च होता, पण कशावर फवारलं, किती अळी होती, हे कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "दुकानदार सांगतो तसं मारतो. सगळेच मारतात." दुकानदारानं वावर पाहिलेलं नव्हतं. त्यानं पंधरवडा मोजला होता.

आता आपल्या घरातली रीत आठवा. धान्यात सोंडे झाले की मग मारायचे, अशी आपली रीत आहे का? मुळीच नाही. आपण धान्य कडक उन्हात वाळवतो, कणगी झाडून पुसून घेतो, कडुनिंबाचा पाला घालतो, डाळीला एरंडेल चोळतो, पीठ जास्त दळून ठेवत नाही. जीव उत्पन्नच होऊ नये, म्हणजे मारण्याची वेळच येऊ नये. यत्नाचार म्हणतात तो हाच. तो आपण इतक्या सहजपणे पाळतो की ती एक विद्या आहे हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही.

कपाशीबद्दल वाचायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की कृषी शास्त्रज्ञही शब्द बदलून हेच सांगतात. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. ते बियाणं आणणाऱ्या महिकोचं घर आमच्या जालन्यातच, १९६४ पासून. सुरुवातीला बोंडअळीचे फवारे खरोखर कमी झाले. पुढे गुलाबी बोंडअळीला त्या बियाण्याची सवय झाली आणि २०१७ ला महाराष्ट्रभर बोंडं किडली. एक मोठं कारण होतं फरदड. कपाशी डिसेंबरात उपटून रान मोकळं करायचं, तर आणखी दोन वेचे मिळतील म्हणून पाणी देऊन ती मार्चपर्यंत ठेवायची. अळीला बाराही महिने जेवण. शास्त्रज्ञ सांगतात, जूनच्या आधी कपाशी लावू नका, डिसेंबर संपता संपता पऱ्हाटी काढून टाका, म्हणजे मधल्या महिन्यांत अळीला खायलाच मिळणार नाही. कणगी झाडून ठेवण्यासारखंच नाही का हे? फरदड म्हणजे लोभ. उत्तम शौच धर्माचं प्रवचन ऐकताना मला दरवर्षी आमच्या वावरातली जानेवारीतली हिरवी कपाशी आठवायची.

दुसरी गोष्ट मोजण्याची. गुलाबी बोंडअळीचे नर पतंग पकडायला कामगंध सापळे मिळतात, लक्ष ठेवण्यापुरते एकरी दोन पुरतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ आठ पतंग आले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, किंवा वीस हिरवी बोंडं फोडल्यावर दोनांत अळी निघाली, तरच फवारणीचा विचार करायचा. त्याच्या आत नाही. ही आर्थिक नुकसानीची पातळी. शास्त्रज्ञांनी ती पैशाच्या हिशेबानं ठरवली, मी ती नियम म्हणून घेतली: मोजल्याशिवाय फवारा नाही. महाराजांसमोर नारळ ठेवून घेतला नाही, स्वतःपुरता वहीत लिहिला.

मोजायला जातो आम्ही दोघी, मी आणि सालगड्याची बायको. आणि इथे बायकांचं काम पुरुषांपेक्षा सरस होतं हे मी छातीठोक सांगते. आयुष्यभर सुपात दाणे निवडून आपली नजर तयार झालेली असते. हे वावराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे बघतात आणि म्हणतात, "आहे थोडी अळी." आम्ही सांगतो, वीसमध्ये एक. आषाढात अष्टान्हिकेच्या सुमारास बांधावरच्या लिंबाच्या निंबोळ्या पडतात, त्या आम्ही गोळा करून वाळवतो. पाच किलो कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि शंभर लिटर पाणी करायचं. गाळण्याचं काम तर आपल्याला सांगायलाच नको. याची फवारणी सुरुवातीला केली की पुष्कळदा पुढची टळते. तिनंही अळी खाणं सोडते आणि उपाशी मरते, हे मला माहीत आहे. सापळ्यातला पतंगही मरतो. उन्हाळ्यात खोल नांगरलं की जमिनीतले कोष उघडे पडतात आणि बगळे टिपतात. निर्दोष शेती मला कुठे सापडलेली नाही. पण सहा-सात फवाऱ्यांवरून आम्ही दोन-तीनवर आलो, आणि तो फरक वहीत दिसतो.

हे सगळं गोडीगुलाबीनं झालं असं समजू नका. दुसऱ्याच वर्षी शेजारच्या फरदडीतून पतंग आले, आम्ही मोजत थांबलो आणि ओढ्याकडचा तुकडा किडला. त्या तुकड्यातला कापूस पिवळा, कवडी कवडी झाला, व्यापाऱ्यानं हातात घेऊन बाजूला टाकला. हे आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "बायकांनी वावराच्या वहीत हात घातला की असंच." मला त्यांचा राग आला नाही. नुकसान खरं होतं. मी फक्त एवढंच विचारलं, की आपल्या घरात एकासनानं अंग गळतं तेव्हा एकासन सोडतो का?

काय पेरायचं यातही आता आमचं बोलणं होतं. कपाशी कमी केली. ज्वारी वाढवली, आमच्या भागातली दगडी ज्वारी, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दाणा नावासारखाच टणक. तिला आमच्या वावरात फवारा असा लागलेलाच नाही. पाखरं खातात. पौषात हुरड्याच्या दिवसांत पोरं गोफण घेऊन उभी राहायची. आता बांधाकडच्या दोन ओळी पाखरांच्या म्हणून सोडल्या आहेत. पाखरांना ते कळत नाही, ती मधलीही खातात. कडबा विकून भरून निघतं, थोडंफार. पैसा कपाशीएवढा होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. तुरीचं बियाणं बदनापूरच्या संशोधन केंद्राचं घेतो, सोयाबीन आहेच. मोसंबीला डिसेंबरात पाणी तोडून ताण देतात, पानं मलूल होतात, आणि पुन्हा पाणी दिलं की फुलांनी झाड भरतं. सासूबाईंना हे फार आवडतं. त्या म्हणतात, झाडालाही उपास मानवतो.

आणखी एक विषय, थोडा अप्रिय. २०१८ ला जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ झाली. त्याआधी कोष विकायला पार कर्नाटकात रामनगरला जावं लागे. आता जिल्ह्यात तुती पुष्कळ वाढली आहे आणि पैसाही बरा येतो. पुतण्या म्हणाला, "काकू, एक एकर तुती करू." मी नाही म्हटलं. कोष उकळत्या पाण्यात जातो तेव्हा आत जीव असतो, तिथे उद्योगी-आरंभीचा वाद घालायला जागाच नाही. पोरगं हुशार. त्यानं कपाटाकडे बोट दाखवलं. "मग ही पैठणी?" लग्नातली, त्यानंतरची दोन विधानांतली, कचनेरच्या यात्रेला नेसलेली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या बाईनं अभिषेकाला रेशीम नेसायचं, हे मला तोवर कधी खटकलं नव्हतं. आता मी मंदिरात सुती नेसते. जुन्या साड्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. तुम्ही नेसू नका असं मी म्हणणार नाही, पण तुतीला नाक मुरडून पैठणीची घडी मोडणाऱ्या बायकांनी शेतकऱ्याच्या पापाबद्दल बोलताना आवाज जरा खाली ठेवावा.

आपल्या तीन अष्टान्हिका बघा कुठे येतात. आषाढात, पेरणी होऊन कोळपणी चालू असताना. कार्तिकात, कापूस फुटलेला, सोयाबीन घरात आलेलं आणि हरभरा पेरला जात असताना. फाल्गुनात, ज्वारी-हरभरा खळ्यावर असताना. कोणी मुद्दाम तसं बसवलं की नाही मला ठाऊक नाही, पण शेताच्या वर्षाचे तिन्ही सांधे त्या आठ-आठ दिवसांत येतात. मी आता त्या दिवसांत दोन्ही वह्या एकत्र घेऊन बसते. पूजा झाली की अर्धा तास. किती जीव वाचले असं लिहिता येत नाही, किती फवारे झाले ते लिहिता येतं. ज्यांचं शेत ठोक्यानं आहे त्यांनाही हे करता येईल. ठोका ठरवतानाच सांगायचं: फरदड ठेवायची नाही, मोजल्याशिवाय फवारायचं नाही, फवारणाऱ्याला मास्क-हातमोजे आपण देऊ. त्यासाठी ठोक्याचे चार पैसे कमी घ्यावे लागतील. दानाच्या पाटीवर नाव लावायला जेवढे देतो त्याहून ते कमीच असतील.

यंदाच्या पाडव्याला सालगड्याचं साल ठरलं तेव्हा त्याच्या बायकोनं अट घातली, फवारा सोडून बाकी सगळं करील. यांनी ती वहीत लिहून घेतली आणि रोज कापला नाही.

गेल्या भादव्यात एक फवारा करावाच लागला. अष्टमी होती, माझा उपवास. सकाळी वारा नसताना, चष्मा, मास्क आणि हातमोजे घालून यांनी स्वतः केला. घामानं चष्म्यावर वाफ धरत होती, दर चार ओळींना थांबून पुसत होते. सालगडी बांधावर पाण्याची घागर घेऊन उभा होता. संध्याकाळी मी वहीत लिहिलं: तिथी, वावर, बोंडं वीसपैकी तीन. औषधाचं नाव मला नीट लिहिता येईना, ते यांनी लिहिलं.